दयाळ की श्यामा?

[ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा भाग लिहून देते आहे. जिथे आवाज वाजतो तिथे चौकटी कंस आहेत.]

हेडफोन असतील तर लावा, आज ऐकायचं काम जास्त आहे.

मार्चमध्ये डोंबिवलीच्या एका मुलाने मला व्हॉट्सॲपवर ४२ सेकंदांची क्लिप पाठवली. खाली लिहिलं होतं, “ताई, माझ्या खिडकीबाहेर श्यामा आलाय! ॲपने सांगितलं. पहाटे साडेपाचला. मी उड्याच मारल्या.”

[आवाज: पाण्याच्या पंपाची घरघर, त्यावर बारीक, उंच शिट्ट्या.]

ऐकलंत? सुरेख आहे. पण हा श्यामा नाही. दयाळ आहे.

मी त्याला तसं कळवलं, तर त्याचा एकच शब्द आला. “ओह.” आणि रडका इमोजी. म्हणजे दयाळ निघाला म्हणून तो चक्क नाराज! मला ते लागलं, खरं सांगते. कारण श्यामा दिसला की स्टोरी टाकायची आणि दयाळ दिसला तर “हा काय, रोजचाच” म्हणायचं, हे मीही वर्षानुवर्षं केलंय. म्हणून आज या दोघांविषयी बोलायचं ठरवलं. शेवटी माझा स्वतःचा एक मूर्खपणाही सांगणार आहे, तेवढं थांबा.

तर आधी नातं. दोघंही एकाच कुळातले, एकाच प्रजातीतले. शास्त्रीय नावात पहिला शब्द दोघांचा एकच, कॉप्सिकस. दयाळ म्हणजे कॉप्सिकस सॉलारिस, श्यामा म्हणजे कॉप्सिकस मलबारिकस. आडनाव एक, नावं वेगळी, असं समजा. इंग्रजीत दयाळाला रॉबिन म्हणतात आणि जुन्या पुस्तकांत श्यामाला थ्रश म्हटलेलं सापडतं, पण आजच्या वर्गीकरणात दोघंही ना खरे थ्रश, ना युरोपातल्या त्या लाल छातीच्या रॉबिनचे सख्खे. ते माशीमारांच्या मोठ्या खटल्यातले आहेत.

दिसायला? दयाळ नर काळा-पांढरा. डोकं, छाती, पाठ काळी, पोट पांढरं, पंखावर पांढरा पट्टा, आणि शेपटी अशी ताठ वर उचललेली, जणू आत्ताच कुणाशी तरी वाद जिंकून आलाय. श्यामाचं डोकं, छाती नि पाठही काळीच, पण त्या काळ्यात निळसर चमक. पोट तांबूस, वीटकरी. शेपटी जिथे सुरू होते तिथे पांढरा ठिपका आणि मग ती लांबच लांब शेपटी, कडेची पिसं पांढरी. शेपटीसकट श्यामा २५ सेंटिमीटरच्या आसपास भरतो, दयाळ १९ च्या. पण गंमत बघा, लांबीतली ही आघाडी बरीचशी शेपटीचीच आहे. अंगाने दयाळच किंचित भरलेला. श्यामाचं वजन तीसेक ग्रॅम. तुमच्या इअरबड्सची डबीसुद्धा त्याच्यापेक्षा जड असेल.

माद्या दोघांच्याही फिकट. दयाळाची मादी काळ्याच्या जागी राखाडी, श्यामाची मादी करडी-तपकिरी आणि शेपटीने आखूड. फोटोत गोंधळ होण्याचं तसं कारण नाही. गोंधळ होतो तो कानांचा.

कानाकडे वळण्याआधी नावाची एक गोष्ट सांगू द्या, मला फार आवडते. दयाळ या नावाचा दयेशी काही संबंध आहे का, ते विचारू नका. हा पक्षी समोरच्या दयाळाला बघून ज्या पद्धतीने अंगावर जातो त्यात दया कुठेच नसते. तर अठराव्या शतकात इंग्रजांनी हे नाव ऐकलं आणि लिहिलं “डायल बर्ड”. १७३७ मध्ये एलिझार अल्बिन नावाच्या चित्रकाराने ते तसंच छापलं. पुढे एका फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञाला वाटलं की डायल म्हणजे घड्याळाची तबकडी, सूर्यघड्याळ! त्याने फ्रेंच नावच तबकडीवरून ठेवलं. मग लिनियसने दिलेल्या सॉलारिस या नावाबद्दल जर्डन म्हणाला, त्याला सोलारिस म्हणजे सूर्याचा असं लिहायचं असणार, हात घसरला. त्यावर एडवर्ड ब्लाइथ म्हणाला, अजिबात नाही, हा हिंदी ‘सौलारी’ शब्द आहे, शंभर गाणी येणारा. मला ब्लाइथची बाजू पटते. निदान पक्षी ऐकून मत दिल्यासारखं तरी वाटतं.

आता कान. या दोघांच्या गळ्यात, म्हणजे खरं तर गळ्याच्याही खाली, श्वासनलिका दोन फुप्फुसांकडे फुटते तिथे, आवाजाचा अवयव असतो. आपला स्वरयंत्राचा डबा वर, यांचा खाली, दुभाजकावर. त्यामुळे डावी नि उजवी बाजू वेगवेगळी चालवता येते. एकाच वेळी दोन सूर. आपल्याकडे त्यासाठी दोन माणसं लागतात.

[आवाज: दयाळ, ठाण्यातली गच्ची, पहाट.]

हा दयाळ. नीट ऐका. लहान लहान ओळी. एक शिट्टी वर जाते, खाली येते, थांबते. पुन्हा तीच, जराशी बदलून. सूर उंच, टोकदार. मध्ये मोकळी जागा सोडतो, जणू समोरच्याच्या उत्तराची वाट बघतोय. आणि खरंच बघत असतो. पलीकडच्या सोसायटीच्या डिश अँटेनावर दुसरा नर बसलेला असतो.

[आवाज: श्यामा, तिलारी परिसर, संध्याकाळ.]

आणि हा श्यामा. इथे आवाज भरीव आहे, बासरीच्या खालच्या सप्तकासारखा. ओळी लांब. एका ओळीत जाड सूर, मग एकदम बारीक, मग कुणाची तरी नक्कल. नकला दोघंही करतात हं, तिथेच ॲप फसतं. ॲप आवाजाचं चित्र काढून आपल्याकडच्या चित्रांशी ताडून बघतं. पण गाणाराच दुसऱ्याचे तुकडे चोरून आपल्या गाण्यात लावणारा असेल तर चित्र बिचारं काय करणार? म्हणून ॲपचं उत्तर आलं की स्वतःला आधी एकच प्रश्न विचारायचा. मी उभा कुठे आहे?

डोंबिवलीत, इमारतींच्या मध्ये, पंपाशेजारी असाल तर आधी दयाळ धरायचा. बांबूच्या बेटात, ओढ्याच्या कडेला, दुपारीसुद्धा अंधार वाटेल अशा जागी असाल तर श्यामा. त्याला झाडोऱ्याच्या खालचा मजला लागतो, जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंतची सावली. तिथे तो पानांतले किडे उचलतो. आपल्याकडे तो सह्याद्रीच्या दाट पट्ट्यात, कोकण-गोव्याच्या जंगलांत भेटतो. पूर्वेला विदर्भाच्या रानांतही आहे.

आवाजातला हा फरक जागेमुळे पडतो, असं एक स्पष्टीकरण शास्त्रज्ञ देतात. दाट जंगलात आवाज खोडांवर, पानांवर आपटून परत येतो. भराभर फेकलेले बारीक सूर एकमेकांत मिसळून जातात, लांब आणि खालचे सूर शाबूत पोचतात. मोकळ्यावर ती अडचण नाही. आता हे लोखंडी नियमासारखं घेऊ नका, अपवाद ढीगभर आहेत. पण मंदिराच्या गाभाऱ्यात टाळी वाजवून बघा आणि मग मैदानात वाजवा, मुद्दा कळेल.

वेळ मात्र दोघांचीही पहाट आणि तिन्हीसांजा. दयाळ तर रस्त्यावरचे दिवे चालू असताना सुरू होतो. आणखी एक. डिसेंबरात तुम्हाला दयाळ ऐकू येत नाही ना? तो कुठे गेलेला नसतो. तिथेच, कुंडीमागे, घशातून खरखरत फिरत असतो. गाणं बंद. मग फेब्रुवारी संपता संपता एके दिवशी पहाटे अचानक वरच्या पट्टीत. कारण गाणं हा त्याचा छंद नाही. हद्द राखणं आणि मादीला बोलावणं, हे काम आहे. वीण नाही तर काम नाही.

आता प्रश्न असा पडतो की एकाच घरातल्या दोघांपैकी एक आपल्या मीटरबॉक्सपर्यंत आला आणि दुसरा का नाही? घरट्याचं उत्तर सोपं आहे. दोघांनाही पोकळी लागते. श्यामा झाडाच्या ढोलीत किंवा बांबूच्या गचपणात चार-पाच अंडी घालतो. दयाळालाही ढोलीच हवी, पण भिंतीचं भोक, तुटका पाइप, पत्रपेटी, काहीही चालवून घेतो. खाणंही तसंच. दयाळ उघड्या जमिनीवर उतरून किडे टिपतो, आपण कापलेली हिरवळ त्याला ताटासारखी. श्यामाला वर छप्पर हवं. इथपर्यंत मी हे सगळं अगदी ठासून सांगत होते, श्यामा म्हणजे जंगलाचाच, शहरात येणारच नाही वगैरे.

मग मला हवाई बेटांचं कळलं. तिथे १९३१ साली काउआई बेटावर श्यामा नेऊन सोडले, नंतर ओआहूवर. गाणं ऐकायला हवं म्हणून! आज ओआहूवर तो जंगलाच्या दऱ्यांत आहेच, पण घरांच्या बागांतही उड्या मारताना दिसतो. आणि दयाळ? तेही तिथे सोडून पाहिले होते, ते टिकले नाहीत. म्हणजे आपल्याकडचं चित्र तिथे उलटं. तेव्हापासून मी “हा जंगलचा, तो शहराचा” असं पक्ष्याच्या अंगावर शिक्का मारल्यासारखं बोलत नाही. शेजारी कोण आहे, कोण नाही, यावरही पक्ष्याची जागा ठरत असावी, असं मला वाटतं.

दयाळालाही शहर नेहमीच झेपतं असं नाही. सिंगापुरात तो १९२० च्या दशकात सगळीकडे होता. सत्तरीच्या अखेरीस फार कमी झाला. पकडणारे होतेच, शिवाय बाहेरून आलेल्या एका दांडगट पक्ष्याने ढोल्या बळकावल्या असं मानतात. तो पक्षी कोण? आपली साळुंकी. असो. बांगलादेशात मात्र त्याचा मान मोठा. दोयेल म्हणतात, राष्ट्रीय पक्षी आहे, दोन टाकाच्या नोटेवर त्याचं चित्र होतं.

आता श्यामाच्या गाण्याची किंमत त्याला काय मोजावी लागली, ते. जगातलं पक्ष्याच्या गाण्याचं पहिलं ज्ञात ध्वनिमुद्रण कोणत्या पक्ष्याचं? आपल्या श्यामाचं! १८८९ मध्ये जर्मनीत, फ्रँकफर्टला, लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने एडिसनच्या फोनोग्राफवर, मेणाच्या नळकांड्यावर ते केलं. वडिलांनी आणलेलं नवं यंत्र, जसं आपल्याकडे पहिला स्मार्टफोन आला होता तसं. हाच मुलगा पुढे नाझी राजवटीत देश सोडून इंग्लंडला गेला आणि बीबीसीवर पक्ष्यांच्या आवाजांमुळे घराघरांत पोचला. मी जे करते आहे, तुम्ही जी क्लिप पाठवता, त्याची सुरुवात तिथली आहे.

पण फ्रँकफर्टला श्यामा कुठून आला? पिंजऱ्यातून. तो कॉखचा पाळलेला पक्षी होता. म्हणजे पहिलं जे गाणं आपण जपून ठेवलं तेच कैद्याचं. हे मला कळलं तेव्हा त्या ध्वनिमुद्रणाविषयीचं माझं कौतुक जरा आंबट झालं. उत्तर भारतात, बंगालातही श्यामा पाळायची जुनी हौस होती, पिंजऱ्यावर कापड टाकून. आज भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने श्यामा काय नि दयाळ काय, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. कुणी “आमच्याकडे पिढ्यानपिढ्या आहे” म्हणालं तरी.

इंडोनेशियात गोष्ट वेगळी. तिथे पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धा भरतात. पिंजरे टांगतात, पंच खाली फिरतात, मोठी बक्षिसं लागतात. श्यामाला तिथे मुराई बातू म्हणतात आणि तो या स्पर्धांचा हिरो. दयाळही उतरतो, पण मान श्यामाचा. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी असतात, तरी रानातून पकडणंही चालतं, आणि तिथल्या कित्येक जंगलांतून तो नाहीसा झाला. शेवटी नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामाच्या बैठकीत श्यामाला साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घातलं. म्हणजे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आता परवान्याचं बंधन आहे. जगभरचा हिशेब केला तर आजही तो धोक्यातल्या पक्ष्यांत मोडत नाही. पण जिथे त्याचं गाणं सगळ्यात जास्त आवडतं तिथेच तो कमी झाला.

आता माझा मूर्खपणा.

माझं आजोळ दोडामार्ग तालुक्यात, तिलारीच्या बाजूला. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये याच पॉडकास्टसाठी श्यामाचा आवाज घ्यायला गेले. मामा बरोबर. त्याने व्हाळाच्या कडेला बांबूचं एक बेट दाखवलं आणि म्हणाला, इथे बस, संध्याकाळी येईल. पण मला परतीची बस होती. मी ब्लूटूथ स्पीकर काढला आणि फोनवर दुसऱ्याच कुठल्या तरी श्यामाचं गाणं लावलं.

दोन मिनिटांत आला. काय सांगू! आठ फुटांवर. शेपटी झटकतोय, पंख पाडतोय, आणि गातोय असा की माझ्या रेकॉर्डरचा काटा लाल होतोय. मी गाणं पुन्हा लावलं. तो स्पीकरच्या आणखी जवळ. मी पुन्हा लावलं. वीसेक मिनिटं हा प्रकार चालला. मला वाटत होतं, वा, काय मैफल! मामाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“तो गाणां म्हणत नाय गो. झगडता तो.”

मग त्याने बोट दाखवलं. जरा मागे, बांबूच्या काडीवर मादी बसलेली. चोचीत हिरवी अळी. टक्, टक्, टक्, असा कोरडा आवाज काढत होती. मी तो आवाज सगळा वेळ ऐकत होते आणि मनात म्हणत होते, एडिटमध्ये काढून टाकू. तिच्यामागे कुठेतरी पोकळी होती आणि आम्ही बसलोय म्हणून ती आत जात नव्हती. नर ज्या वेळात किडे आणायचा त्या वेळात माझ्या स्पीकरशी भांडत होता. न दिसणाऱ्या, न दमणाऱ्या, हरवता न येणाऱ्या नराशी.

मी स्पीकर बंद केला. बस सोडली. आम्ही बरेच मागे सरकून एका खडकाआड बसलो, तरी मादी आत जायला बराच वेळ लागला. मी घड्याळ बघत होते. अकरा मिनिटं. पिल्लं बारा-तेरा दिवसांत घरटं सोडतात, त्यातली अकरा मिनिटं नि त्याआधीची वीस. तुम्ही म्हणाल एवढंसं काय. एकटी मी असते तर एवढंसंच. पण त्याच बेटाचं लोकेशन मी कुणाला पाठवलं असतं तर? दर रविवारी एक गट, दर गटात एक स्पीकर. बऱ्याच अभयारण्यांत प्लेबॅकला मनाई असते ती यासाठी. अभयारण्याबाहेर अडवायला मामा लागतो.

दयाळाच्या बाबतीतही हेच. फोनवर त्याचं गाणं वाजवून खिडकीत बोलवायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, खाली हसरे इमोजी. तो फोनच्या काचेवर चोच मारतो ना, ते आपल्यावरचं प्रेम नाही. शहरात आधीच त्याच्या हद्दीवर मांजरं, साळुंक्या, शेजारचा नर, एवढी सगळी मंडळी आहेत. त्यात आपण आणखी एक शेजारी निर्माण करतो.

डोंबिवलीच्या त्या मुलाला मी एवढं सगळं लिहिलं नाही. एवढंच लिहिलं की हा दयाळ कुठे बसून गातो ते आठवडाभर बघ, फोन खिशात ठेवून. सहाव्या दिवशी त्याचा मेसेज आला. “ताई, दोन आहेत. एक आमच्या टाकीवर, एक समोरच्या बँकेच्या पाटीवर. मधला गुलमोहर कोणाचा यावरून रोज राडा. आज टाकीवाला जिंकला.” पुढे फोटो नव्हता, क्लिप नव्हती. मला फार बरं वाटलं.

आणि मघाशी जो श्यामा ऐकवला ना, तो स्पीकरसमोरचा नाही. ती फाइल मी पुसली. हा दुसऱ्या दिवशीचा, त्याच खडकाआडून, संध्याकाळी पावणेसातचा. लांबून घेतलाय म्हणून आवाज थोडा कमी आहे, फोनचा आवाज वाढवा. मध्येच मामा खोकतो. ते मी काढलेलं नाही.

[आवाज: श्यामा, १ मिनिट ५० सेकंद.]